दोन की तीन?
काउंटर-स्ट्राइकचा सामना सुरू व्हायच्या आधीच आमचे पंडित सांगून मोकळे होतात, 'दोन मॅपमध्येच खेळ खल्लास!' २०२१ ला नावीने एकही मॅप न गमावता स्टॉकहोमची मेजर मारली, मान्य. पण टीमचं नाव बघून मॅप मोजू नयेत, व्हीटो बघावा. सातपैकी दोन-दोन मॅप दोन्ही टीम उडवतात, एकेक आपल्या आवडीचा घेतात, उरलेला तिसऱ्यासाठी. म्हणजे प्रत्येकीला एकदा घरचं अंगण मिळतंच! २०२४ च्या कोपनहेगन मेजरची फायनल आठवा. फेझविरुद्ध नावीने पहिला मॅप १३-९ घेतला, दुसऱ्यात २-१३ असा सणसणीत मार खाल्ला, आणि तिसरा १३-३ ने जिंकला. तिसरा होणार हे एकवेळ सांगता येईल. तो असा होईल हे कोण सांगणार? यावर पैसे लावणाऱ्यांचं मला नवलच वाटतं.