'डायरेक्ट' करू नका!

आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनचा एक लाडका शब्द आहे - 'डायरेक्ट'. गिझर असो वा इस्त्री, बिघडलेला भाग काढायचा, दोन तारा पिळून जोडायच्या, वरून काळी टेप. "साहेब, डायरेक्ट करून दिलंय!" यंत्र चालू, गिऱ्हाईक खूष. या जुगाडाचं मला कौतुकच आहे. पण एअर फ्रायरच्या बाबतीत माझा त्याला साफ विरोध आहे.

का ते सांगतो. एअर फ्रायर म्हणजे आत एक हीटरची कॉईल आणि गरम हवा खेळवणारा पंखा. तापमानावर लक्ष ठेवायला एक सेन्सर, आणि शेवटचा पहारेकरी म्हणून थर्मल फ्यूज. प्रमाणाबाहेर तापलं की तो स्वतः वितळतो आणि सर्किट तोडतो. एकदा गेला की गेला, बदलावाच लागतो.

गेल्या महिन्यात आमचा फ्रायर असाच तापून बंद पडला. प्लग काढून, पूर्ण गार करून उघडला. मल्टीमीटर लावला तर फ्यूज गेलेला. पण खरा गुन्हेगार तो नव्हताच. पंखा बोटाने फिरवून पाहिला तर जाम! तेलाच्या वाफांचा चिकट थर बसला होता. हवा फिरेना, उष्णता कॉईलपाशीच कोंडली. नुसता फ्यूज बदलला असता तर पुन्हा उडाला असता, आणि 'डायरेक्ट' केला असता तर पुढच्या वेळी थांबवणारं कुणीच उरलं नसतं.

कंपनीला फोन केला. उत्तर काय? "सुटे भाग आम्ही विकत नाही, नव्यावर सूट देतो." एक-दोन डॉलरच्या फ्यूजसाठी अख्खं यंत्र कचऱ्यात!

माझ्या मते लोकांना 'डायरेक्ट'कडे ढकलतात ते हेच. भाग मिळत नाही, मग माणूस तार जोडतो. म्हणजे दुरुस्तीचा हक्क हा नुसता पैसे वाचवण्याचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचाही आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून दुरुस्तीच्या हक्काचा कायदा लागू झालाय. भारतातही डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने त्यासाठी पोर्टल सुरू केलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सुरक्षेचे भाग तरी सुटे विकण्याची सक्ती हवीच.

अर्थात दोष दर वेळी पंख्याचाच असतो असं नाही. २०२३ साली अमेरिकेत एका कंपनीने सुमारे २० लाख एअर फ्रायर परत मागवले, ते आतला तारेचा जोड तापत होता म्हणून. आणि तुमच्याकडे वेगळीच गंमत. १५०० वॅटचा फ्रायर २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर घेतो. तो अडॅप्टर लावून ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटात घातला तर प्लग तापणारच! त्याला १६ अँपिअरचा सॉकेटच हवा. अमेरिकेहून कुणी १२० व्होल्टवाला आणून दिला असेल तर तो थेट लावूच नका. कॉईल जवळजवळ पावणेचार पट वॅट खेचेल.

बाकी भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, हवेची जाळी मोकळी ठेवा. आणि फ्यूज उडालाच तर दुरुस्तीवाल्याला आधी 'का उडाला' ते शोधायला सांगा. तो हसून "डायरेक्ट करतो" म्हणाला, तर यंत्र उचला आणि सरळ घरी या.