वासराचा वाटा राखा
कोकण किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला तातडीचे आवाहन

पाऊस ओसरला आहे. होड्या दर्यात उतरल्या आहेत, डॉल्फिन दाखवणाऱ्या फेऱ्या सुरू झाल्या आहेत आणि दिवाळीच्या सुट्टीत हर्णैपासून तारकर्लीपर्यंतची पुळण माणसांनी भरून जाईल. अशाच दिवसांत, नोव्हेंबर २०२३ मध्ये, गणपतीपुळ्याला देवमाशाचे सुमारे २० फुटी पिल्लू वाळूत येऊन रुतले होते. वन विभाग, पोलीस आणि गावकरी दोन दिवस राबले. ओली फडकी टाकली, सलाइन लावले, भरती साधून त्याला खोल पाण्यात नेऊन सोडले. पिल्लू पुन्हा किनाऱ्याला आले आणि मेले. माणसांनी कष्टात कसूर केली नव्हती. पण आईपासून तुटलेले पिल्लू पाण्यात पोचले म्हणजे वाचले, असे होत नाही. ते का, हे समजून घेतले तर पुढच्या पिल्लाला आपला खरा उपयोग होईल.

गाय व्याली की घरातली म्हातारी माणसे आधी एकच गोष्ट बघतात: वासराने चीक प्यायला का? खरवसाचे नंतर. त्या रीतीमागे पक्के शास्त्र आहे. माणसाच्या बाळाला रोगांशी लढणारी प्रतिपिंडे पोटात असतानाच नाळेतून मिळू लागतात. गाईच्या गर्भाला ती मिळत नाहीत, वासराला ती चिकातूनच घ्यावी लागतात. देवमासे आणि डॉल्फिन हे दिसायला मासे असले तरी कुळाने खुरांच्या जनावरांचे, पाणघोड्याचे जवळचे नातलग आहेत. त्यांची वारही गाईच्याच धाटणीची असते. गर्भाला आईकडून प्रतिपिंडे मिळतात ती फारच थोडी, खरी शिदोरी जन्मानंतरच्या दुधात असते. डॉल्फिनचे पिल्लू म्हणजे समुद्रातले वासरूच.

हे दूध पिणे सोपे नाही. पोहता पोहता, पाण्याखाली, एका वेळी काही सेकंदच, आणि असे दिवसरात्र अनेकदा. आईची ही उसनी ढाल काही महिन्यांत झिजत जाते. तोवर पिल्लाची स्वतःची ताकद तयार व्हावी लागते: छातीतली थायमस ग्रंथी पेशींना तालीम देते आणि शरीर एकेका जंतूची ओळख करून घेते. आईची ढाल पातळ झालेली आणि स्वतःची पुरती घडलेली नाही, हा मधला काळ सर्वांत धोक्याचा. डॉल्फिनची मादी एका वेळी एकच पिल्लू देते आणि पुढचे काही वर्षांनी. एक पिल्लू गेले तर ती जागा लवकर भरत नाही.

या काळात पिल्लावर तीन बाजूंनी संकट येते.

पहिली बाजू विषाची. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली पीसीबी रसायने आणि डीडीटी पाण्यातून माशांत, माशांतून डॉल्फिनच्या चरबीत साठतात. दूध त्याच चरबीतून बनते, त्यामुळे आईच्या अंगातल्या साठ्याचा मोठा भाग पहिलटकरणीच्या पिल्लाच्या वाट्याला येतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या सारासोटा उपसागरात १९७० पासून डॉल्फिनचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चालू आहे. तिथे पहिल्या वेताची पिल्ले जास्त दगावताना दिसली आहेत. नेदरलँड्समध्ये शास्त्रज्ञांनी सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या पिल्लांचे दोन गट करून एकाला प्रदूषित बाल्टिक समुद्रातले हेरिंग मासे आणि दुसऱ्याला त्यामानाने स्वच्छ मासे दोन वर्षांहून जास्त काळ खाऊ घातले. बाल्टिकचे मासे खाणाऱ्या सीलच्या विषाणूंशी लढणाऱ्या पेशी मंदावल्या.

दुसरी बाजू साथीची. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर आणि आपल्याला होणारा गोवर हे एकाच कुळातले विषाणू. त्यांच्या भाईबंदाने १९८८ मध्ये युरोपच्या उत्तर समुद्रात सुमारे १८,००० सील मारले. २००० साली कास्पियन समुद्रात तर खुद्द कुत्र्यांच्याच विषाणूने हजारो सील गेले. हवाईमध्ये मंक सील जेमतेम दीड हजारांच्या घरात उरले आहेत, म्हणून २०१६ पासून तिथे त्यांना एकेकाला गाठून लस टोचतात. अशी साथ डॉल्फिनलाही गाठू शकते, पण त्यांना समुद्रात जाऊन कोण टोचणार? त्यांच्या पिल्लांची पहिली ढाल एकच, आईचे दूध.

तिसरी बाजू धास्तीची, आणि ही पूर्णपणे आपल्या हातात आहे. पाठलाग, गोंगाट, हाताळणी यांनी पिल्लाच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक चढते. ते चढून राहिले की रोगाशी लढणाऱ्या पेशी मागे हटतात. वर आई दुरावली तर दूधही तुटते.

म्हणून कळकळीची विनंती.

होडीवाल्यांनो, डॉल्फिनच्या मागे इंजिन लावू नका. पिल्लू दिसले की वेग कमी करा आणि आई-पिल्लाच्या मधून होडी कधीही घालू नका. पर्यटकांनीही "अजून जवळ घ्या" असा आग्रह धरू नये. दहा होड्यांनी घेरलेली आई दूध पाजत नाही, पळते.

मच्छीमार बंधूंनो, जाळ्यात डॉल्फिन किंवा त्याचा नातलग पॉरपॉइज अडकला तर जाळे कापून सोडा. संरक्षित जीव सोडताना झालेल्या जाळ्याच्या नुकसानीसाठी राज्य सरकारची २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. त्यासाठी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवा.

किनाऱ्यावर जिवंत पिल्लू दिसले तर पहिला फोन वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला करा, नाहीतर ११२ ला. मग एवढे करा:

• माणसांचे कडे लांब ठेवा. कुत्री बांधा किंवा हुसका.
• पिल्लू पोटावर राहू द्या, अंगावर सावली धरा, ओले फडके टाका. डोक्यावरचे श्वासाचे छिद्र मात्र उघडे ठेवा, त्यात पाणी किंवा वाळू जाता कामा नये.
• शेपटीला किंवा परांना धरून ओढू नका.
• गाईचे दूध पाजू नका. डॉल्फिनचे दूध चरबीने दाट असते, त्यात साखर जवळजवळ नसते. गाईचे दूध त्याला सोसत नाही.
• आपल्या मनाने पाण्यात ढकलू नका. आधी समुद्राकडे नजर टाका, आई जवळपास घुटमळत असेल तर ते फोनवर सांगा. सोडायचे की नाही, कुठे आणि कधी, हे पशुवैद्य आणि वन विभागाला ठरवू द्या.

मेलेले पिल्लू दिसले तरी फोन कराच. त्याच्या शवविच्छेदनातून आपल्या समुद्रात कोणता रोग, कोणते विष फिरते आहे ते कळू शकते. उघड्या हाताने शिवू नका आणि मुलांना जवळ जाऊ देऊ नका, कारण ब्रुसेलासारखे जंतू अशा जनावरातून माणसाला लागू शकतात.

ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांना दोन मागण्या. किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना रेबीजबरोबर डिस्टेंपरचीही लस द्या, कारण खाडीतल्या पाणमांजरांनाही तो रोग लागतो. आणि भंगारातले ट्रान्सफॉर्मरचे तेल, कीटकनाशकांचे डबे, गटाराचे पाणी ओहोळावाटे समुद्रात जाणार नाही, याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका, नुसत्या ठरावावर नको.

सुट्टी लागायला थोडे दिवस आहेत. हॉटेल आणि घरगुती निवास चालवणाऱ्यांनी १९२६ हा आकडा आजच भिंतीवर लावावा, होडीवाल्यांनी होडीवर रंगवावा, बाकीच्यांनी आत्ताच मोबाइलमध्ये साठवावा. गोठ्यात वासराचा वाटा राखून मगच खरवस करणारी आपण माणसे. समुद्रातल्या वासराचा वाटा राखायचा तर होडी लांब हवी, कुत्रे बांधलेले हवे, आणि हातातला मोबाइल सेल्फीच्या आधी कानाला लागायला हवा.