अभियंत्याच्या हाती कारभार येतो तेव्हा

व्यापारी घरांतील मुलेमुली आता अभियांत्रिकीची पदवी सहजतेने मिळवतात. प्रश्न उभा राहतो तो पदवीनंतर तीन-चार वर्षांनी. यंत्रावर वा संगणकावर त्यांचे काम उत्तम असते. परंतु कोणते यंत्र बदलायचे, माल किती साठवायचा, भांडवल कोठे गुंतवायचे हे ज्या बैठकीत ठरते, तेथे त्यांना बोलावणे नसते. मग घरात विषय निघतो : अभियांत्रिकी व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घ्यावी काय? एवढा काळ आणि एवढा पैसा घालून हाती काय येईल?

प्रथम या पदवीचे स्वरूप पाहू. एमबीएला कोणत्याही शाखेचा पदवीधर जातो. ही पदवी मात्र मुख्यतः अभियंते व विज्ञान शाखेचे पदवीधर यांच्यासाठी आखलेली असते. उत्पादनाचे नियोजन, गुणवत्ता, पुरवठा साखळी, प्रकल्पाचा खर्च, ताळेबंदाचे वाचन आणि अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याची रीत हे तिचे मुख्य विषय. अमेरिकेत ड्यूक, डार्टमथ, नॉर्थवेस्टर्न अशा विद्यापीठांत ती मिळते. आपल्याकडे औद्योगिक अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी १९६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ‘निटी’ ही संस्था २०२३ पासून आयआयएम मुंबई या नावाने ओळखली जाते.

अशा शिक्षणाने माणूस कोठवर जातो, याचे एक उदाहरण बोलके आहे. अमेरिकेतील एमआयटीने उद्योगसमूहांच्या सहकार्याने १९८८ मध्ये कारखानदारीतील नेतृत्वासाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन अशा दोन पदव्या एकत्र मिळतात व सुमारे सहा महिने प्रत्यक्ष उद्योगात काम करावे लागते. प्रिन्स्टनचा रसायन अभियंता जेफ विल्की हा १९९३ मध्ये तेथून बाहेर पडला. काही वर्षे कारखानदारीत काढून १९९९ मध्ये तो अ‍ॅमेझॉनमध्ये आला.

तेव्हा त्या कंपनीची गोदामे दुकानांना माल पोहोचवण्याच्या जुन्या पद्धतीवर बेतलेली होती. दुकानाला एकाच वस्तूच्या पेट्या जातात. घरबसल्या मागवणाऱ्या ग्राहकाला मात्र एक पुस्तक, एक खेळणे, एक भांडे असे हवे असते. प्रत्येक मागणी निराळी. हे काम गोदामापेक्षा सुटे भाग जोडणाऱ्या कारखान्याच्या जवळचे आहे, हे विल्कीने ओळखले. त्याने कारखान्यातील गुणवत्तेच्या व प्रवाहाच्या पद्धती तेथे आणल्या आणि त्यासाठी अभियंते नेमले. पुढे २०१६ मध्ये तो कंपनीच्या जागतिक ग्राहक व्यवसायाचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला.

हे पद केवळ पदवीने दिले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पदवीने त्याला दृष्टी दिली : जो प्रश्न इतरांना मजुरांचा वा जागेचा वाटत होता, तो त्याला रचनेचा दिसला, आणि ती रचना बदलण्याचा खर्च व लाभ संचालकांपुढे त्यांच्या भाषेत मांडता आला. अभियंत्याला नेतृत्वाकडे नेणारी पायरी हीच. यंत्र का बंद पडते हे सांगणारा तंत्रज्ञ होय. ते बंद राहिल्याने दिवसाला किती तोटा होतो आणि दुरुस्ती करावी की नवे घ्यावे, हे हिशेबासह सांगणाऱ्याकडे कारभार येतो.

म्हणूनच निर्णय घेताना काही गोष्टी पाहाव्यात. पदवीनंतर लगेच जाण्यापेक्षा दोन-तीन वर्षे काम करून जावे. ज्याने अडचण अनुभवलेलीच नाही, त्याला तिचे उत्तर शिकवून उपयोग अल्प. संस्था निवडताना केवळ नावावर न जाता, प्रत्यक्ष उद्योगातील प्रकल्प किती काळाचा आहे हे विचारावे. खर्चाच्या बाजूला फी व राहणे यांच्यासह त्या काळात बुडणारा पगारही मांडावा. आणि ज्याला संशोधनात वा शुद्ध तंत्रज्ञानात रस आहे, त्याला या वाटेवर ढकलू नये.

शिक्षण पूर्ण करून मुलगा वा मुलगी घरच्या कारखान्यात वा पेढीवर परतणार असेल, तर घरातील कर्त्यांचीही जबाबदारी आहे. परत आलेल्याला केवळ खुर्ची देऊन भागत नाही. एखादा विभाग, त्याचे अंदाजपत्रक आणि त्याच्या नफ्यातोट्याचे उत्तरदायित्व त्याच्याकडे सोपवावे. त्यानेही पहिले काही महिने जुन्या मुनिमांजवळ, कारागिरांजवळ बसून उधारी, हंगाम व माणसे समजून घ्यावीत. पुस्तकातील पद्धत त्यानंतर लावावी. प्रत्येक खरेदीच्या कागदावर अखेरची सही वडिलांचीच राहणार असेल, तर शिकलेली विद्या कपाटात पडून राहील आणि शिकलेले मूल दुसऱ्याच्या कंपनीत नोकरी शोधील. तेव्हा फीचा आकडा काढण्यापूर्वीच घरात बसून ठरवावे की, परतल्यावर कोणता कारभार त्याच्या हाती द्यायचा आहे.