चोपन्न वर्षांचें व्याज

देण्याघेण्याचा व्यवहार करणाऱ्या आमच्या वाचकांस हें सांगावयास नको कीं, मुदतींत न फेडलेलें ऋण मिटत नाहीं, तें वाढतें. राष्ट्रांनीं तहांत दिलेल्या वचनांचीही गोष्ट हीच आहे. डेन्मार्क व जर्मनी यांमधील श्लेस्विग प्रांताचा इतिहास याची साक्ष देतो.

१८६४ च्या युद्धांत डेन्मार्कचा पराभव होऊन हा प्रांत प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्या हातीं गेला. या अनर्थांत डेन्मार्कही निर्दोष नव्हता. त्याच वर्षीं लंडनच्या परिषदेंत प्रांताची वांटणी करण्याची सूचना पुढें आली असतां डॅनिश मुत्सद्द्यांनीं हट्टानें ती संधि घालविली. पुढें १८६६ च्या प्रागच्या तहांत, फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याच्या आग्रहावरून, पांचवें कलम पडलें: उत्तर श्लेस्विगच्या रहिवाशांनीं स्वतंत्र मतदानानें तशी इच्छा दर्शविल्यास तो भाग डेन्मार्कला द्यावा. वचन स्पष्ट होतें, पण त्यास मुदत नव्हती; आणि मुदतीवांचून दिलेल्या वचनाचें काय होतें हें कोणताही वकील सांगेल. १८७८ सालीं जर्मनी व ऑस्ट्रिया यांनीं परस्पर संमतीनें तें रद्द केलें. ज्यांच्याकरितां तें होतें, त्यांस कोणी विचारिलेंही नाहीं.

आतां अशी कल्पना करूं कीं, हें मत १८६७ सालींच घेतलें गेलें. कौल ओळखण्यास ज्योतिषी नको. त्या वर्षींच्या निवडणुकींत उत्तर भागानें डॅनिश पक्षाचे प्रतिनिधी निवडले होते. अखेर १९२० च्या फेब्रुवारींत मत घेतलें, तेव्हां तेथील शेंकडा सुमारें ७५ मतें डेन्मार्कला पडलीं. मार्चमध्यें दक्षिणेच्या पट्ट्यांतील शेंकडा सुमारें ८० मतें जर्मनीला पडलीं. जी सीमा १९२० सालीं लढाईवांचून ठरली, ती बहुधा अर्धशतक आधींच ठरली असती. मग १८८८ च्या हुकुमानें धर्मशिक्षणाखेरीज डॅनिश भाषा शाळांतून हद्दपार झाली नसती. मग १९१४ च्या महायुद्धांत त्या भागांतील सुमारें ३०,००० पुरुषांस जर्मन निशाणाखालीं लढावें लागलें नसतें, आणि त्यांपैकीं ५,००० हून अधिकांस प्राणांस मुकावें लागलें नसतें. मुद्दल तेंच राहिलें. ५४ वर्षांचें व्याज मात्र निरपराध घरांनीं फेडलें.

कोणी म्हणेल, कोणतीही सीमा आंखली तरी कांहीं लोक नको त्या बाजूस राहणारच. हें खरें आहे. टोंडर, आबेनरा व सोन्नरबोर्ग या शहरांचें बहुमत जर्मनीकडे असूनही तीं डेन्मार्कमध्यें गेलीं. त्यावरील उपाय १९५५ च्या बॉन व कोपनहेगन येथील जाहीरनाम्यांनीं दाखविला: मनुष्य आपणांस ज्या समाजाचा म्हणवितो, त्याची सरकारनें उलटतपासणी करूं नये. दोन्ही बाजूंच्या अल्पसंख्याकांच्या शाळा आज निर्वेधपणें चालतात. सीमा तीच राहिली, पण तिची धार गेली.

आतां घरचें पाहूं. आंध्र व मद्रास यांचा तंटा आमच्याच हरि विनायक पाटसकरांनीं खेडें हा घटक, भाषिक बहुमत व भौगोलिक सलगता या तत्त्वांवर सोडविला, आणि १ एप्रिल १९६० रोजीं गांवांची अदलाबदल शांततेनें झाली. बेळगांवच्या वाट्यास मात्र हें भाग्य आलें नाहीं. १९५६ सालीं तें म्हैसूर राज्यांत गेलें. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्रानें नाकारिला. २००४ सालीं महाराष्ट्रानें सर्वोच्च न्यायालयांत दावा दाखल केला. तेथील मराठी माणसाच्या तीन पिढ्या हें व्याज भरीत आहेत.

आमची मागणी पाटसकरांच्या तत्त्वांची आहे व ती आम्ही सोडणार नाहीं. पण निकालाची वाट पाहत असतां एक गोष्ट कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमावांचून करतां येण्यासारखी आहे. सोलापूर, अक्कलकोट व जत येथील कानडी बांधवांची शाळा, अर्ज व दाखला यांविषयीं आपल्याच कचेऱ्यांतून कांहीं उणें राहिलें असेल, तर तें महाराष्ट्रानें आधीं भरून काढावें. बेळगांवसाठीं जें मागतों, तें जतेंत देणाऱ्याचाच दावा जगांत बळकट ठरतो.