महाराष्ट्राचा संघ कुणाचा?

मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर रणजी करंडकाची फायनल झाली. एकीकडे मुंबई, दुसरीकडे विदर्भ. मुंबई जिंकली. त्यांचा ४२वा करंडक. कप्तान अजिंक्य रहाणे, म्हणजे आमच्या नगर जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्याचा माणूस. सगळीकडे आनंदीआनंद. पण मंडळी, एक साधा प्रश्न. एकाच राज्यातले दोन संघ फायनलला भिडत होते, तेव्हा ज्याच्या नावातच 'महाराष्ट्र' आहे तो तिसरा संघ कुठे होता?

असा तिसरा संघ आहे हेच अर्ध्या लोकांना माहीत नसतं. ऑफिसमध्ये चहाच्या वेळी विचारून बघा. चेन्नईने कुणाला किती कोटींना घेतलं हे पाठ असतं. महाराष्ट्राने रणजी शेवटची कधी जिंकली, असं विचारलं की सगळे आपापल्या कपात बघायला लागतात.

उत्तर आहे १९४१. देश स्वतंत्र व्हायच्या सहा वर्षं आधी!

आधी भूगोल, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. राज्य एक, क्रिकेट संघटना तीन. मुंबई-ठाण्याचा पट्टा मुंबईकडे, विदर्भाचे ११ जिल्हे विदर्भाकडे, आणि उरलेलं जवळजवळ सगळं राज्य, म्हणजे पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, मराठवाडा वगैरे, महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे. क्षेत्रफळाने बघितलं तर सगळ्यात मोठा वाटा आपला. २०२५ पर्यंतचा हिशेब मांडा: मुंबई ४२, विदर्भ ३, महाराष्ट्र २.

आता हा संघ काही पहिल्यापासून लिंबूटिंबू नव्हता. १९३९-४० आणि १९४०-४१, लागोपाठ दोन वर्षं रणजी आपल्याकडे होती. कप्तान दि. ब. देवधर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक! भारताने पहिली टेस्ट १९३२ साली खेळली तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती, त्यामुळे टेस्ट कॅप कधीच मिळाली नाही. पण १९४०-४१ च्या मोसमात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, या माणसाने मुंबईविरुद्ध २४६ ठोकले. त्याच सुमारास सांगलीचा विजय हजारे महाराष्ट्राकडून खेळत होता. त्याने १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या होत्या.

पुढे हजारे बडोद्याला गेले आणि बडोद्याकडून रणजी जिंकले. हे वाक्य लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

त्यानंतर महाराष्ट्र तीनदा फायनलला पोचला. १९७०-७१ मध्ये मुंबईकडून हरला, १९९२-९३ मध्ये पंजाबकडून आणि २०१३-१४ मध्ये कर्नाटककडून. वनडेत २०२२ साली विजय हजारे ट्रॉफीची फायनल सौराष्ट्राविरुद्ध गमावली. टी-ट्वेंटीची मुश्ताक अली ट्रॉफी २००९-१० मध्ये जिंकली, तेही प्रामाणिकपणे नोंदवतो. बाकी शिरस्ता एकच: जवळ जायचं आणि परत यायचं.

पण 'विक्रम' विचारा, की बघा कशी कॉलर ताठ होते! डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, समोर काठेवाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा तेव्हाचा विश्वविक्रम फक्त ९ धावांवर. मधल्या सुट्टीत काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, अडून बसले आणि सामना सोडून दिला. एका भारतीयाची प्रथम श्रेणीतली ती आजही सर्वोच्च खेळी आहे. निंबाळकरांना एकही टेस्ट मिळाली नाही. ऑक्टोबर २०१६, दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, दोघांची भागीदारी ५९४. तिसऱ्या विकेटसाठी प्रथम श्रेणीत असंच ६२४ चं विश्वविक्रमी जोडकाम संगकारा-जयवर्धनेने केलेलं, म्हणजे फक्त ३० धावा कमी पडल्या. सामना? अनिर्णित. २०१३-१४ मध्ये केदार जाधवच्या एका मोसमात १२२३ धावा. करंडक? कर्नाटकला. नोव्हेंबर २०२२, ऋतुराज गायकवाडचे एका ओव्हरमध्ये सात षटकार, एक नो-बॉल धरून. त्या स्पर्धेच्या फायनलमध्येही त्याने शतक मारलं. ट्रॉफी? सौराष्ट्राला.

पॅटर्न दिसतोय का? आमच्याकडे विक्रमवीर ढिगाने आहेत, विजेता संघ नाही. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर टीममध्ये दोन-तीन रॉकस्टार आहेत, रात्रभर जागून काहीतरी अफाट लिहून ठेवतात, पण रिलीज काही वेळेवर जात नाही. अशा प्रोजेक्टमध्ये रॉकस्टारला दोष देऊन उपयोग नसतो. खालची फळीच तयार केलेली नसते.

आता खालची फळी म्हणजे काय? त्यासाठी श्रीरामपूरला चला.

झहीर खान श्रीरामपूरचा. जन्म १९७८. वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत तिथेच वाढला. नंतर वडिलांनी त्याला मुंबईला नेलं, तिथे क्लब क्रिकेट, मग चेन्नईचं एमआरएफ, आणि रणजी पदार्पण बडोद्याकडून. २०००-०१ ची रणजी फायनल बडोद्याने रेल्वेविरुद्ध जिंकली, दुसऱ्या डावात पाच विकेट्स काढणारा झहीरच. पुढे ९२ टेस्ट, ३११ बळी, आणि २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २१ विकेट्स. रणजीची दुसरी इनिंग मुंबईकडून. महाराष्ट्राकडून शून्य सामने.

नकाशा उघडा. श्रीरामपूरहून पुणे जवळ की मुंबई? पुणे, आणि चांगलंच जवळ. शिवाय श्रीरामपूर महाराष्ट्र असोसिएशनच्या हद्दीत. तरीही एका बापाला आपल्या पोराचं भविष्य पुण्यात दिसलं नाही, मुंबईत दिसलं. त्या बापाला मी दोष देणार नाही. त्याने बरोबर निर्णय घेतला, हे ३११ बळींनी सिद्ध केलं. प्रश्न पुण्याला विचारायचा आहे. हजारेंपासून झहीरपर्यंत साठ वर्षं गेली, आणि सांगली-नगरची पोरं बडोद्याला करंडक मिळवून देतायत, हे कसं काय?

रहाणेचं थोडं वेगळं आहे, तेही सांगतो. त्याचं लहानपण डोंबिवलीत गेलं, त्यामुळे तो मुंबईकडून खेळणार हे उघड होतं. अॅडलेडला ३६ वर ऑलआउट झाल्यावर मेलबर्नला ११२ काढून टीम सावरणारा हा माणूस नगरचा, असं आम्ही छाती फुगवून सांगतो. पण त्यात जिल्ह्याने काय केलं? जन्म दिला, बस्स. गंमत म्हणजे रहाणे 'पुण्याकडून' खेळलाय! रायझिंग पुणे सुपरजायंटकडून, २०१६ आणि २०१७.

त्या संघावरून आठवलं. २१ मे २०१७, हैदराबादला आयपीएलची फायनल, पुणे एका धावेने हरलं. अख्खं पुणे हळहळलं. दोन वर्षांच्या करारावर आलेला संघ होता तो, मालक कोलकात्याचे, कप्तान ऑस्ट्रेलियाचा. त्या रात्रीनंतर तो संघ पुन्हा कधी खेळलाच नाही. त्याच हैदराबादमध्ये, त्याच मैदानावर, तीन वर्षं आधी महाराष्ट्र रणजीची फायनल हरला होता. क्वार्टर फायनलला गतविजेत्या मुंबईला त्यांच्याच वानखेडेवर आठ विकेटने धूळ चारून आलेला संघ! त्यासाठी कोण हळहळलं? कुणाच्या घरी टीव्ही तरी लावला होता का?

इथे लोक म्हणतात, "रणजी कोण बघतं राव?" मान्य. पण बघत कुणी नाही म्हणून जाब विचारत कुणी नाही, आणि जाब कुणी विचारत नाही म्हणून ऐंशीच्या वर वर्षं निवांत निघून गेली. मुंबई दोन मोसम हरली तर मैदानापासून लोकलपर्यंत सगळे तोंडसुख घेतात. ते दडपण हीसुद्धा एक गुंतवणूकच असते. आपल्याकडे हरल्याचंही कुणाला कळत नाही.

दुसरा बचाव: "मुंबईकडे पैसा आहे, परंपरा आहे." बरं, मुंबई बाजूला ठेवू. विदर्भाचं काय? १९५७-५८ पासून खेळतायत, साठ वर्षं कुणी हिंगलंही नाही. मग अकादमी आणि वयोगटाच्या संघांवर नेटाने काम केलं, चंद्रकांत पंडितांना कोच म्हणून आणलं, वसीम जाफरसारखा मुरलेला माणूस पोरांच्या सोबतीला ठेवला. २०१७-१८ ला रणजी, २०१८-१९ ला पुन्हा रणजी, २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. साठ वर्षांत शून्य आणि आठ वर्षांत तीन! उमेश यादव खाणकामगाराचा मुलगा, विदर्भातच राहिला आणि तिथूनच टेस्ट खेळला. म्हणजे 'छोट्या जागेतून होत नाही' ही सबब नागपूरने कायमची निकालात काढली आहे.

तिसरा बचाव खास आमच्या नगरचा: "आपला खेळ कुस्ती." कुस्ती आहेच, कोण नाही म्हणतंय? पण गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धांना जी गर्दी होते ती काय कुस्ती बघायला येते का? पोरं खेळतायत. शेकड्यांनी खेळतायत. फक्त टेनिस बॉलवर, कडक मैदानावर, नाहीतर सिमेंटच्या पट्टीवर. असा पोरगा जिल्ह्याच्या निवडीला येतो, आयुष्यात पहिल्यांदा टर्फवर लेदर बॉल बघतो, आणि दोन ओव्हरमध्ये घरी जातो. समोर पुण्यातला पोरगा, जो आठव्या वर्षापासून टर्फवर खेळतोय. याला आपण गुणवत्तेनुसार निवड म्हणायचं!

२०२३ मध्ये असोसिएशनने महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली. चांगली गोष्ट आहे, मी टाळ्या वाजवल्या. पहिल्या मोसमात सहा संघ: पुणे, कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर. नगर नाही. आणि त्याच जानेवारीत असोसिएशनचे अध्यक्ष झाले होते रोहित पवार, कर्जत-जामखेडचे आमदार. म्हणजे खुर्चीवर नगर जिल्ह्याचा प्रतिनिधी, मैदानात नगर जिल्ह्याचा संघ नाही. हा टोला एका माणसाला नाही. खुर्ची जिल्ह्यात आली म्हणजे क्रिकेट जिल्ह्यात आलं, असं समजणाऱ्या आपल्या सगळ्यांना आहे.

मग करायचं काय? इथे थोडं लांब जाऊ, थेट कॅनडात. सस्कॅचवान प्रांतात स्विफ्ट करंट नावाचं गाव आहे. वस्ती सतरा हजारांच्या आसपास, आपलं श्रीरामपूर त्याच्या कितीतरी पट. त्या गावाचा ज्युनियर आइस हॉकीचा संघ आहे, ब्रॉंकोज. विशीच्या आतली पोरं खेळतात. मालक कोण? गाव. कुणी शेठ नाही, कंपनी नाही. १९८६ च्या डिसेंबरमध्ये संघाच्या बसला अपघात झाला, चार खेळाडू गेले. अडीच वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच संघाने कॅनडातला ज्युनियर हॉकीचा सर्वोच्च मेमोरियल कप जिंकला. एवढ्याशा गावाला हे जमतं, कारण संघ गावाचा आहे, हरला-जिंकला तरी गावाचा.

"ते कॅनडा आहे हो" म्हणायच्या आधी एक लक्षात घ्या. लोकांनी मिळून मालक व्हायचं, ही कल्पना नगर जिल्ह्याला कॅनडाने शिकवायची गरज नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० च्या सुमारास. कोरडवाहू शेतकरी साखर कारखान्याचा मालक होऊ शकतो हे आपल्या आजोबांनी जगाला दाखवलं. आणि त्यांची नातवंडं, वर्षाला लाखांची पॅकेजेस घेणारी, एक टर्फ विकेट उभी करू शकत नाहीत? काळी माती, रोलर, पाणी, एक जाणता माळी आणि पगारी कोच. यात रॉकेट सायन्स कुठे आहे? पुण्यात नोकरी करणारे आपण नगरकर गणपतीची वर्गणी देतो, गावच्या देवळाला देणगी देतो. श्रीरामपूर, संगमनेर, जामखेडला प्रत्येकी एक विकेट, एवढं काही अवघड नाही.

दुसरं काम त्याहून सोपं. प्रश्न विचारा. दरवर्षी वयोगटाच्या संघांत पुण्याबाहेरची किती पोरं निवडली? कुठल्या तालुक्यात टर्फ आहे, कुठे नाही? हे आकडे असोसिएशनने जिल्हावार छापले पाहिजेत. आपण रोज डॅशबोर्ड बनवतो ना क्लायंटला? हा एक स्वतःसाठी मागू.

आणि तिसरं. गहुंजेचं स्टेडियम हिंजवडीपासून किती लांब आहे? ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास :) बहुतेक रणजी सामन्यांना तिकीटही नसतं. २०२५ मध्ये पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला तेव्हा त्याची केवढी बातमी झाली. बाहेरून माणूस आला की आपल्याला संघ आठवतो. एखाद्या शनिवारी मॉल सोडून तिकडे जा. स्टँडमध्ये दोनशे माणसं असतील तर तुम्ही दोनशे एकावे. फलंदाजाला मागून कुणीतरी नावाने हाक मारतंय, हे त्याला ऐकू येतं. वीस हजारांच्या गर्दीत येत नाही.

श्रीरामपुरात आजही कुणी सतरा वर्षांचा पोरगा भिंतीवर बॉल आपटत असेल. त्याच्या बापाने उद्या एसटीचं तिकीट पुण्याचं काढायचं की मुंबईचं, हे आपण आज काय करतो त्यावर ठरणार आहे.