बावन्न तासांचा हिशेब

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता कचेरीतून सुटलेला आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर व्हावयाचा असलेला मनुष्य, रविवारी रात्री दहाला घरी पोहोचावयाचे ठरवले तर, बरोबर ५२ तासांचा धनी असतो. त्यांतले सोळा तास दोन रात्रींच्या झोपेला गेले की हाती ३६ उरतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील युटा आणि ॲरिझोना या राज्यांत, कोलोरॅडो नदीने व तिच्या उपनद्यांनी कोरून काढलेल्या तांबड्या दऱ्यांच्या प्रदेशात, एकट्याने मोटार हाकत जाण्याचे बेत ज्या कागदावर आखले जातात त्यावर ही वजाबाकी सहसा आढळत नाही. आढळते ती स्थळांची यादी. कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी तरुणांच्या पत्रांतून आणि छायाचित्रांतून या प्रदेशाची ओळख आता इकडच्या घरांतही झालेली आहे. तेव्हा त्या यादीचे अर्थशास्त्र तपासून पाहणे अगदीच परक्या उठाठेवीचे ठरू नये.

युटा राज्यात झायन, ब्राइस कॅनियन, कॅपिटॉल रीफ, आर्चेस आणि कॅनियनलँड्स अशी पाच राष्ट्रीय उद्याने आहेत. राज्याच्या पर्यटन खात्याने २०१३ साली या पाचांची एक जाहिरात मोहीम काढली आणि ‘बलाढ्य पाच’ अशा अर्थाच्या नावाने ती देशभर गाजवली. मोहीम यशस्वी झाली, किंबहुना नको तितकी झाली. झायनला २०१३ मध्ये सुमारे २८ लक्ष भेटी नोंदल्या गेल्या होत्या. २०२१ मध्ये त्या ५० लक्षांवर गेल्या. सगळेच श्रेय वा अपश्रेय जाहिरातीला देता येणार नाही, पेट्रोलचे भाव आणि महामारीनंतरची मोकळ्या हवेची ओढ यांचाही त्यात वाटा आहे. पण जाहिरातीने एक गोष्ट निश्चित केली. तिने प्रवाशाला मोजावयास शिकवले. पाचपैकी किती झाली, हा प्रश्न दरीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात तिने रुजवला.

आता हिशेब पाहू. लास व्हेगासहून निघून पाचही उद्याने पालथी घालून परत येणे म्हणजे निव्वळ चाकावरचे सोळा-सतरा तास. छत्तिसांतून ते वजा केले तर उरतात एकोणीस-वीस; त्यांतून खाणेपिणे, पेट्रोल, वाहनतळाचा शोध आणि प्रवेशद्वारावरील रांग काढा, मग पाच स्थळांवर भागून पाहा. एकेका उद्यानाच्या वाट्याला तीन तासही धड येत नाहीत आणि त्यांतले काही अंधाराचे असतात. याच्या उलट एकट्या झायनला जावयाचे तर अंतर सुमारे २६० किलोमीटर, जाऊन-येऊन साडेपाच-सहा तास. बाकीचे तीस तास त्या एका दरीचे. यादीतील प्रत्येक नवे नाव हे जमेच्या बाजूस लिहिले जाते खरे, पण त्याची किंमत आधीच्या नावाच्या वेळेतून चुकती होत असते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हीच गोष्ट संधित्यागाच्या नावाखाली शिकवली जाते आणि परीक्षा झाली की विसरली जाते.

शिवाय एकट्याच्या प्रवासात दुसरा चालक नसतो. सत्तर क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलाइना या दोन गावांदरम्यान सुमारे १७५ किलोमीटरपर्यंत पेट्रोल पंप नाही, उपाहारगृह नाही, काही नाही. शुक्रवारी दिवसभर काम करून रात्री अशा रस्त्यावर एकट्याने गाडी घालणे हा त्या सहलीतला खरा धोका आहे. कड्यांची आणि विंचवांची भीती सर्वांनाच वाटते, पेंगेची कोणास वाटत नाही. पहिली रात्र शहराजवळच काढून पहाटे निघणारा मनुष्य भित्रा नव्हे.

मोटारीबद्दलचा एक जुना वाद येथे आठवतो. एडवर्ड ॲबी हा लेखक १९५६ आणि १९५७ साली आर्चेस येथे हंगामी रखवालदार होता. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डेझर्ट सॉलिटेअर’ या पुस्तकात त्याने राष्ट्रीय उद्यानांत मोटारींना मज्जाव करावा अशी मागणी केली, तेव्हा ती विक्षिप्तपणाची वाटली. इ.स. २००० मध्ये झायनच्या मुख्य दरीत नेमके तेच करावे लागले. हंगामात खाजगी गाड्या खाली ठेवून लोकांना बसने आत नेण्यात येऊ लागले. ॲबीचा आक्षेप सौंदर्याच्या बाजूने होता, उद्यानाच्या व्यवस्थापकांचा वाहनतळाच्या बाजूने. दोघे एकाच मुक्कामाला पोहोचले.

गर्दी झाली की वाटप आले. वाटपाच्या रीती तीनच: किंमत, रांग आणि सोडत. या प्रदेशात तिन्ही चालू आहेत आणि वीकएंडच्या प्रवाशाला त्या सारख्या लागू पडत नाहीत. आर्चेसने २०२२ पासून काही हंगाम ठराविक तासाचे आगाऊ आरक्षण सक्तीचे केले. झायनमधील ‘एंजल्स लँडिंग’ या सुळक्याच्या वाटेवर जाण्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून सोडतीत परवाना मिळवावा लागतो. ॲरिझोना-युटा सीमेवरील ‘द वेव्ह’ या लाटेसारख्या खडकाकडे दिवसाला पूर्वी वीसच माणसे सोडत. २०२१ मध्ये ती संख्या ६४ झाली. यांपैकी ४८ जणांची सोडत चार महिने आधी निघते आणि १६ जणांची दोन दिवस आधी. या दुसऱ्या सोडतीचा अर्ज भ्रमणध्वनीवरून करावयाचा असतो, पण अर्जदार त्या वेळी कॅनाब, पेज या गावांच्या परिसरात प्रत्यक्ष हजर असला पाहिजे. म्हणजे शनिवारच्या परवान्यासाठी गुरुवारीच तेथे असावयास हवे. ज्याला शनिवार-रविवारखेरीज सुटी नाही तो या दारातून कधीच आत जाणार नाही.

सोडत ही पैशापेक्षा न्याय्य, यात शंका नसावी. शंभर डॉलर देणाऱ्याला आणि दहा डॉलर देणाऱ्याला चिठ्ठी सारखीच लागते. पण चिठ्ठी टाकण्यासाठी जर दोन दिवसांचा रिकामा वेळ लागत असेल, तर श्रीमंती फक्त पैशातून उठून वेळात जाऊन बसते. एंजल्स लँडिंगची शेवटची सोडत आदल्या दिवशी निघते आणि तिला कोठूनही अर्ज करता येतो. नोकरदाराच्या दृष्टीने ती अधिक सरळ. द वेव्हच्या व्यवस्थापनाला दोन दिवसांची अट का हवी ते समजण्यासारखे आहे. तेथे जाण्याची वाट आखलेली नाही, लोक चुकतात, उन्हाने मरतात, म्हणून परवानाधारकांना आधी सूचना द्यावयाच्या असतात. तरीही अर्ज घरून आणि सूचना जागेवर, अशी व्यवस्था अशक्य नव्हती.

किमतीची रीतही बदलत आहे. झायन किंवा ग्रँड कॅनियन येथे प्रवेशशुल्क माणशी नव्हे, गाडीमागे ३५ डॉलर असते. चौघे एका गाडीतून गेले तर माणशी पावणेनऊ डॉलर पडतात, एकटा गेला तर सगळे ३५ त्याचे. एकांतावरचा हा कर म्हणावयास हरकत नाही, आणि रस्त्यावर गाडी तेवढीच जागा अडवते हे लक्षात घेता तो अन्यायाचाही नाही. मात्र १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांना गर्दीच्या अकरा उद्यानांत नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर जादा पडू लागले, आणि रहिवाशांना ८० डॉलरला मिळणारा वार्षिक पास त्यांच्यासाठी २५० डॉलरचा झाला. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियन या अकरांत आहेत. आर्चेस, कॅनियनलँड्स आणि कॅपिटॉल रीफ नाहीत. मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना याची झळ लागणारच. त्यावर आपल्याकडून फार ओरड करता येत नाही. ताजमहालाला भारतीयाकडून ५० रुपये आणि परदेशीयाकडून ११०० रुपये घेतले जातात, वेरूळलाही अशीच दुहेरी दरपट्टी आहे.

इतके करून प्रश्न उरतो तो एकटेपणाचा. एकट्याने जाऊच नये असे सांगणारे वडीलधारे घरोघर असतात आणि त्यांच्या हाताशी एक उदाहरण तयार असते. एप्रिल २००३ मध्ये ॲरॉन राल्स्टन हा तरुण युटातील ब्लू जॉन कॅनियन या चिंचोळ्या घळीत एकटा उतरला, निसटलेल्या धोंड्याखाली त्याचा उजवा हात अडकला, आणि पाच दिवसांनी तो हात स्वतःच कापून तो बाहेर आला. पण याच्या शेजारी दुसरी उदाहरणे ठेवावी लागतात. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अँटिलोप कॅनियनमध्ये अकरा पर्यटक एकाच लोंढ्यात वाहून गेले. पाऊस वर दूर पडला होता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनमधील कीहोल कॅनियनमध्ये सात जणांचा गट पुरात सापडला, एकही वाचला नाही. सोबत सातांना वाचवू शकली नाही. राल्स्टनचा घातही मुख्यतः एकटेपणाने केला नाही. तो कोठे जात आहे हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते, त्याने केला. सह्याद्रीत सांदण दरीच्या तळाशी पावसाळ्यात उतरू नये हे सामरदच्या गावकऱ्याला शिकवावे लागत नाही. तिकडे ते लिहून ठेवावे लागते, कारण जाणारा त्या मातीतला नसतो. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्या वाळवंटातही मौसमी पाऊस येतो आणि त्याला तेथेही मॉन्सूनच म्हणतात. त्या काळात चिंचोळ्या घळीत जाण्याचा बेत एकट्याने आखला काय किंवा सात जणांनी, सारखाच वाईट.

हरवलेल्याला शोधण्याचा खर्च कोण देतो, हाही विचार बेतातच यावयास हवा. राष्ट्रीय उद्यानांत तो सामान्यतः सरकार सोसते. उद्यानाबाहेर युटामध्ये जिल्ह्याच्या शेरीफकडे ते काम असते, दोर घेऊन खाली उतरणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, आणि जिल्ह्याला खर्च वसूल करण्याची मुभा आहे. त्यासाठी राज्याने अल्प वर्गणीचे वार्षिक कार्डही काढले आहे. एकांताचा आनंद एकट्याचा आणि सुटकेचे श्रम दुसऱ्या कोणाच्या सुटीच्या दिवशीचे, ही विभागणी फारशी शोभादायक नाही. ती टाळण्यास लागते तरी काय? माणशी दिवसाला चार लिटर पाणी आणि त्याहून थोडे अधिक शिल्लक, भ्रमणध्वनीची रेघ नाहीशी झाल्यावरही वाचता येईल असा कागदी नकाशा, आणि घरी ठेवलेली एक चिठ्ठी: गाडीचा क्रमांक, ती कोणत्या वाटेच्या तोंडाशी उभी असेल, आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास पोलिसांना कळवावे.

या चिठ्ठीत घड्याळ कोणते तेही लिहावे लागते. नेवाडातून युटात शिरताना एक तास पुढे जातो. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळे बदलत नाही, पण त्याच राज्यातील नावाहो लोकांचा प्रदेश बदलतो. रात्री आठ म्हणजे नक्की कोणाचे आठ, हे ठरलेले नसेल तर शेरीफला जाग एक तास आधी येईल किंवा एक तास उशिरा.