डोंगळ्याची माशी बांधावर जगते

फेब्रुवारी-मार्चमध्ये अहिल्यानगर जिल्ह्यात कांद्याचे डोंगळे फुलतात. एकेका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात, पण प्रत्येक फुलातले पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर दोन-तीन दिवसांनी तयार होतो. तोवर फुलाचा स्वतःचा पराग सरलेला असतो. दुसऱ्या फुलाचा पराग आणून देतात त्या माश्या. कांदा पोसायला माशी लागत नाही. पुढच्या वर्षीचं बी भरायला मात्र लागते.

ऊस, ज्वारी आणि बाजरी ही जिल्ह्याची जुनी ओळख. ऊस बेण्यावर येतो आणि ज्वारी-बाजरीचा पराग वारा नेतो, म्हणून माशी घटल्याचं आपल्याला लवकर कळतच नाही. जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकांना मात्र परागवाहकांची कमी-अधिक मदत लागते.

डाळिंब उत्पादक फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. ते योग्यच आहे. पण पेटीतली माशी सगळी कामं करत नाही. तुरीचं मिटलेलं फूल उघडायला दणकट भुंगा लागतो. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, तिथे पतंग येतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपण्यासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या बियांतून उगवलेल्या वेलींनाही फळ धरायला हेच पाहुणे हवेत.

डोंगळ्याचा फुलोरा जेमतेम महिनाभराचा. बाकीचं वर्ष या कीटकांना बांध पोसतो. सातेरी माशी जुन्या झाडाच्या ढोलीत राहते, भुंगा वाळल्या लाकडात घर कोरतो आणि कित्येक एकांड्या माश्या न नांगरलेल्या मातीत बिळं करतात. ट्रॅक्टरने बांध कोरला, उरलेल्यावर तणनाशक मारलं, की अन्न आणि घर दोन्ही एकदम जातं. वीतभर जमिनीसाठी केलेला हा सौदा आमच्या मते फार महागाचा आहे.

एक अडचण खरी आहे. कांद्याचा मकरंद माशीला फारसा आवडत नाही; शेजारी गोड फुलोरा असला की ती तिकडे वळते. म्हणून बांधावर काय लावायचं ते वेळ पाहून ठरवावं. बोर पावसाळा सरताना फुलते, करंज डोंगळ्यानंतर उन्हाळ्यात. ग्रामपंचायतींनी वृक्षलागवडीत डोंगळ्याच्याच वेळी फुलणाऱ्या ग्लिरिसिडियाऐवजी ही झाडं घ्यावीत. आणि डोंगळ्यात फवारणी करावीच लागली, तर ती दिवस मावळल्यावर, माश्या घरी परतल्यानंतर करावी.